घड्याळातला स्वल्पविराम

माझ्या काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान म्हणजे एका कापडाच्या दुकानाच्या जिन्याखालची जेमतेम चार फूट जागा. काचेची पेटी, आत चिमटे, पेट्रोलची बुटकी बाटली, आणि प्रत्येक घड्याळाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. मे महिन्यातसुद्धा पंखा लावायचा नाही, कारण पार्ट उडतात. मी शेजारी स्टुलावर बसायचो. शिंक आली तर जिन्याबाहेर जाऊन शिंकायची, हा नियम.

एकदा काकांनी एक जुनं एचएमटी उघडलं, पूर्ण चावी दिली आणि म्हणाले, “असं करू नये खरं तर, पण तुला दाखवतो.” चिमट्याने त्यांनी आतला एक नखाच्या कोरीएवढा तुकडा अलगद काढला. भर्र असा आवाज झाला, चाकं वेड्यासारखी फिरली आणि सगळं गार. दिवसभर पुरायची ती चावी दोन श्वासांत संपली. “बघितलंस? स्प्रिंगला फक्त पळायचं कळतं. हा तुकडा तिला अडवतो, जरा सोडतो, परत अडवतो. टिकटिक म्हणतो ना आपण, ती अडवल्याची.”

हे मला आठवलं ते पुढे बऱ्याच वर्षांनी, एका फ्रेंच नाटककाराच्या चरित्राची पहिली दहा पानं वाचताना. एकांकिका लिहायचा नाद लागला होता आणि फार्स काही केल्या जमत नव्हता. गमतीजमती भरपूर सुचायच्या, पण पंधराव्या मिनिटाला सगळ्या संपून जायच्या आणि उरलेली वीस मिनिटं नट नुसते दारांतून ये-जा करत राहायचे. एका मित्राने ‘फिगारोचं लग्न’चं इंग्रजी भाषांतर हातात ठेवलं. ते वाचल्यावर ते लिहिणारा हा बोमार्शे कोण म्हणून शोधायला गेलो, तर निघाला घड्याळजी.

फ्रेंच विनोदी नाटककार म्हटलं की आपल्याकडे मोलिएरचं नाव येतं. हरि नारायण आपट्यांनी ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ लिहून त्याला मराठीत आणलं, अत्र्यांनी त्याच्या कंजूष म्हाताऱ्याचा ‘कवडीचुंबक’ केला. त्यामुळे मोलिएर म्हणजे आपला जुना पाहुणा. त्याच्यानंतर शंभरएक वर्षांनी झालेल्या बोमार्शेचं नाव मात्र मी त्या दिवसापर्यंत ऐकलेलं नव्हतं. त्याची पात्रं ऐकून माहीत होती, तीही ऑपेरामुळे. मोत्सार्टचा फिगारो आणि रोसिनीचा न्हावी, दोन्ही मूळ याचेच.

जन्म २४ जानेवारी १७३२, पॅरिस. मूळ नाव पिएर-ऑग्युस्तँ कारों. बाप घड्याळं बनवणारा, घरात पाच बहिणी आणि हा एकटा मुलगा, म्हणजे लाड किती झाले असतील ते आपल्याला सांगायला नको. तेराव्या वर्षी बापाने दुकानात बसवला. पोराचं लक्ष गाण्याबजावण्यात आणि उनाडक्यांत. शिवाय दुकानातला माल परस्पर विकून खिसा गरम करायचा. अठराच्या सुमाराला बापाने घराबाहेर काढलं. मग आईच्या, नातेवाइकांच्या रदबदलीने परत घेतलं, पण लेखी अटींवर. त्या अटी आजही वाचायला मिळतात आणि वाचताना बापाच्या कपाळावरची आठी दिसते. उन्हाळ्यात सहाला उठायचं, हिवाळ्यात सातला. रात्रीच्या जेवणापर्यंत कुरकुर न करता काम. बापाच्या परवानगीशिवाय दुकानातलं काहीही विकायचं नाही. आणि ते दळभद्री संगीत सोडायचं. व्हायोल आणि बासरी वाजवायची तर कामाच्या दिवशी, रात्री जेवणानंतर, तेही शेजाऱ्यांची आणि बापाची झोपमोड होणार नाही अशा बेताने. पोराने मुकाट्याने सही केली.

आणि खरंच कामाला लागला. एकविसाव्या वर्षी त्याने घड्याळाच्या आतला तो अडवणारा तुकडा नव्या रीतीने घडवला. त्या काळची घड्याळं दिवसाला बरीच मागेपुढे व्हायची. याच्या रचनेने ती नीट चालू लागली, शिवाय घड्याळ चपटं करता येऊ लागलं. या रचनेतला मुख्य भाग आकाराने स्वल्पविरामासारखा, म्हणून फ्रेंचमध्ये तिला ‘विर्ग्यूल’ म्हणतात. विर्ग्यूल म्हणजे स्वल्पविराम. पुढे आयुष्यभर ज्याने संवाद लिहिले त्याची पहिली निर्मिती एक धातूचा स्वल्पविराम असावी, हे कुणी कथेत लिहिलं असतं तर मी ‘फार जुळवून आणलंय’ म्हणून खोडलं असतं.

पोराने हौसेने ती करामत लपोत नावाच्या बड्या घड्याळजीला दाखवली. लपोत राजाचा घड्याळजी, वयाने, मानाने मोठा. त्याने कौतुक केलं आणि १७५३च्या सप्टेंबरात ‘मेर्क्यूर द फ्रांस’ या नियतकालिकात स्वतःचा शोध म्हणून छापून आणलं. एकवीस वर्षांचा पोर दुसरा कुणी असता तर बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला असता. याने त्याच नियतकालिकाला पत्र लिहिलं, सगळी हकीकत मांडली आणि आपले नमुने विज्ञान अकादमीपुढे ठेवले. २३ फेब्रुवारी १७५४ला अकादमीने निकाल दिला: शोध कारोंचा.

मला वाटतं हा माणूस त्या पाच महिन्यांत घडला. आपली वस्तू मोठ्या माणसाने उचलली तर कानात कुजबुजत बसायचं नाही, चव्हाट्यावर जायचं, कागद दाखवायचे, आणि हे सगळं लोकांना वाचावंसं वाटेल अशा भाषेत करायचं. पुढची पंचेचाळीस वर्षं त्याने थोड्याफार फरकाने हेच केलं.

निकालानंतर दरबाराचं दार उघडलं. राजाला घड्याळ, आणि राजाच्या लाडक्या मादाम द पाँपादूरला अंगठीत बसवलेलं घड्याळ. एवढ्याशा घड्याळाला चावी कुठून लावणार? त्याने तबकडीभोवती एक कडी बसवली, कडीला बारीकसा आकडा. आकड्यात नख अडकवून कडी दोन-तृतीयांश फिरवली की घड्याळ तीस तास चालायचं. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं आणि स्वतःच्या करंगळीच्या नखाकडे बराच वेळ बघत राहिले. “नखाने?” एवढंच म्हणाले.

पुढचा जिना त्याने भराभर चढला. दरबारातल्या एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याची तरुण बायको घड्याळ दुरुस्तीला घेऊन दुकानात आली. थोड्याच दिवसांत नवऱ्याचं पद याने विकत घेतलं. पद काय, तर राजाच्या ताटापुढे कमरेला तलवार लावून मिरवत चालायचं. नवरा वारला, १७५६मध्ये याने त्या बाईशी लग्न केलं आणि तिच्या एका जमिनीच्या नावावरून स्वतःला ‘द बोमार्शे’ म्हणवून घेऊ लागला. वर्षभरात ती गेली. नाव मात्र राहिलं. मग सतार शिकवायला मास्तर यावा तसा हा राजाच्या चार मुलींना हार्प शिकवायला जाऊ लागला.

दरबारी मंडळींना हे खुपणारच. एक किस्सा सांगतात. भरल्या मेळाव्यात एका सरदाराने आपलं भारी घड्याळ पुढे केलं, “जरा बघता का, चालत नाहीये.” म्हणजे लोकांना आठवण करून द्यायची, की बाबा, तू कोण. बोमार्शे म्हणाला, सध्या माझा हात बसलेला नाही, सवय गेली. सरदार ऐकेना. मग याने घड्याळ उघडलं, डोळ्याजवळ उंच धरलं आणि फरशीवर सोडून दिलं. “म्हटलं होतं ना, हात राहिला नाही.” लवून नमस्कार केला आणि निघून गेला. किस्सा खरा असो नसो, पण तो उंच धरण्याचा क्षण फार चांगल्या नाटककाराचा आहे. पडण्याआधीचं ते थांबणं.

पारी-द्युव्हर्ने नावाच्या सावकाराने त्याला धंद्यात घेतलं, तो श्रीमंत झाला, आणि सरदारकी मिळवून देणारं पदही त्याने पैसे मोजून घेतलं. यावरून टोमणे बसले तेव्हा त्याने लिहिलं, माझी सरदारकी अगदी पक्की आहे, माझ्याकडे तिची पावती आहे!

१७७० साली द्युव्हर्ने वारला. त्याच्या वारसाने, काउंट द ला ब्लाशने, द्युव्हर्ने-बोमार्शे यांच्यातला हिशेबाचा कागदच खोटा ठरवला. खटला गेला गोएझमान नावाच्या न्यायमूर्तीकडे. त्याला भेटायचं तर त्याच्या बायकोला खूश करावं लागे. बोमार्शेने शंभर लुई, म्हणजे सोन्याची नाणी, दिली; पुन्हा भेट हवी तेव्हा हिऱ्यांचं घड्याळ दिलं (घड्याळ याची पाठ सोडत नाही); वर कारकुनासाठी म्हणून पंधरा लुई. १७७३मध्ये निकाल विरोधात गेला. बाईने शंभर लुई आणि घड्याळ प्रामाणिकपणे परत केलं. पंधरा लुई ठेवून घेतले. याने चौकशी केली, तर कारकुनाला काही मिळालेलंच नव्हतं. मग हा ते पंधरा लुई मागत सुटला.

घर, इभ्रत, पैसा सगळं पणाला लागलेलं असताना पंधरा लुईंसाठी न्यायमूर्तीच्या बायकोच्या मागे लागणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर त्याला विनोद म्हणजे काय ते नेमकं कळलेलं असतं. न्यायमूर्तीने उलट लाच दिल्याचा आरोप ठेवला. बोमार्शेने आपली बाजू चार पुस्तिकांत छापली. कायद्याचा रूक्ष कागद असायला हवा तिथे त्याने प्रवेश लिहिले: मादाम गोएझमानची साक्ष, तिचं गडबडणं, सांगितलेलं विसरणं, लाजणं. पुस्तिका हातोहात खपल्या. हे न्यायालय राजाने जुनं मोडून नव्याने बसवलेलं होतं आणि लोकांच्या मनातून आधीच उतरलेलं होतं. पॅरिसात कोटी फिरू लागली: लुई पंधराव्याने जुनं न्यायालय मोडलं, पंधरा लुई नवं मोडतील. फ्रेंचमध्ये हे दोन्ही तेच दोन शब्द आहेत, नुसते उलटसुलट. मराठीतही कोटी शाबूत उतरते याचा मला उगाच अभिमान वाटला. फेब्रुवारी १७७४मध्ये न्यायालयाने मादाम गोएझमानला आणि बोमार्शेला, दोघांनाही शिक्षा केली. बोमार्शेचे नागरी हक्क गेले आणि तो पॅरिसचा सगळ्यात लोकप्रिय माणूस झाला. त्याच वर्षअखेर ते न्यायालय खरोखरच मोडलं गेलं.

आता गंमत बघा. तोपर्यंत त्याच्या नावावर दोनच गंभीर नाटकं रंगभूमीवर आली होती, आणि त्यातलं दुसरं सपशेल पडलेलं. ‘सेव्हिलचा न्हावी’ तयार होतं, पण मारामारी, तुरुंग, खटला यांत अडकलेलं. शेवटी २३ फेब्रुवारी १७७५ला पडदा उघडला आणि नाटक पडलं. पाच अंकांचं, गच्च भरलेलं, जागोजागी खटल्याचे टोमणे. बोमार्शेने तीन दिवसांत कात्री चालवून चार अंक केले. २६ तारखेला तेच नाटक डोक्यावर घेतलं गेलं. एका स्पर्धेत माझी एकांकिका वेळेपेक्षा सहा मिनिटं लांबली आणि बाद झाली, तेव्हा मी परीक्षकांना शिव्या घातल्या होत्या. कापायचं मला सुचलंच नव्हतं.

फिगारो इथे पहिल्यांदा येतो. न्हावी, थोडा वैद्य, थोडा कवी, सगळे धंदे करून बसलेला. मी सगळ्या गोष्टींना घाईघाईने हसून घेतो, नाहीतर रडावं लागेल, असं तो पहिल्याच अंकात म्हणतो.

नाटक चाललं, आणि पुन्हा हिशेब. नटांची कंपनी म्हणजे कोमेदी-फ्रांसेज. पाच अंकी नाटकाच्या उत्पन्नातला नववा हिस्सा लेखकाचा, असा नियम. पण उत्पन्न मोजणार नट. वर्षाच्या बोलीवर दिलेल्या बॉक्सचे पैसे त्यात धरायचे नाहीत, खर्च हवा तसा वजा करायचा. शिवाय हिवाळ्यात बाराशे आणि उन्हाळ्यात आठशे लिव्हरच्या (लिव्हर हे तेव्हाचं फ्रेंच चलन) खाली गल्ला गेला की नाटक कायमचं नटांच्या मालकीचं. बोमार्शेला ‘न्हावी’च्या बत्तीस प्रयोगांचे ४,५०६ लिव्हर आले. त्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, सहीनिशी हिशेब द्या. नट म्हणाले, अंदाजे आहे. घड्याळजीच्या पोराला ‘अंदाजे’ सांगता! ३ जुलै १७७७ला त्याने नाटककारांना घरी जेवायला बोलावलं आणि त्या जेवणावर लेखकांची संघटना उभी राहिली. तिच्या भांडणाला फळ आलं १७९१मध्ये, क्रांतीनंतर, लेखकाचा हक्क मानणारा कायदा झाला तेव्हा. तीच संघटना नाव बदलून फ्रान्समध्ये अजून चालू आहे. माझी एकांकिका एका मंडळाने न विचारता, नाव बदलून केली होती. मला ते एका लग्नात, पंगतीत, शेजारी बसलेल्या गृहस्थांकडून कळलं. “मस्त होती हो, तुमच्याच धाटणीची!” मी जिलबी संपवली आणि गप्प बसलो. बोमार्शे गप्प बसला नसता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो प्रवेश. ‘फिगारोचं लग्न’, दुसरा अंक. काउंटेसच्या खोलीत शेरुबँ नावाचा कोवळा पोरगा बायकी कपडे घालून बघतोय. काउंट अचानक शिकारीहून परततो. पोरगा शेजारच्या कोठडीत. आत काहीतरी पडतं. कोण आहे? काउंटेस म्हणते, माझी दासी सुझान. खरी सुझान पडद्याआड उभी राहून ऐकतेय. काउंट दार फोडायला हत्यार आणायला जातो, सगळ्या दारांना कुलूप लावून आणि बायकोला बरोबर घेऊन. तेवढ्यात सुझान पोराला बाहेर काढते, तो खिडकीतून उडी टाकतो आणि ती त्याच्या जागी कोठडीत. इकडे काउंटेस घाबरून खरं सांगून बसलीय. दार उघडतं. आतून सुझान येते. काउंट थक्क, आणि काउंटेस त्याहून थक्क!

कुणीही इथे अंक संपवला असता. बोमार्शे चावी अजून थोडी देतो. अर्धवट प्यालेला माळी फुटकी कुंडी घेऊन येतो: खिडकीतून माणूस फेकायचे असतील तर निदान माझ्या झाडांवर नको. आता काउंटचा नोकर असलेला फिगारो म्हणतो, मीच उडी मारली. माळी म्हणतो, मग हा कागद तुमचाच असेल. काउंट कागद झडप घालून घेतो, मिटून हातात धरतो: सांग, काय आहे हा? फिगारो खिसे चाचपतो. काउंटेसने कागद ओळखलाय. ती सुझानच्या कानात, सुझान फिगारोच्या कानात: पोराचं नेमणूकपत्र. फिगारो सांगतो. बरं, तुझ्याकडे का होतं? पुन्हा अडलं. पुन्हा कुजबूज. त्यावर शिक्का मारायचा राहिला होता! अडवायचं, केसभर सोडायचं, परत अडवायचं. मी तो प्रवेश पेन्सिलीने खुणा करत वाचला, तर प्रत्येक तीन-चार वाक्यांना एक अडवणं. काकांनी चिमट्यात धरलेला तुकडा मला तिथे स्पष्ट दिसला. माझ्या फार्समध्ये नुसती स्प्रिंग होती.

नाटक १७७८पर्यंत लिहून झालं होतं. सोळाव्या लुईने ऐकलं आणि पाचव्या अंकातल्या फिगारोच्या लांबलचक स्वगताला उठून उभा राहिला: हे कधीच होणार नाही, हे करू द्यायचं तर आधी बास्तीयचा तुरुंग पाडावा लागेल. त्या स्वगतात नोकर अंधारात उभा राहून मालकाला विचारतो, एवढं वैभव मिळवायला तुम्ही केलंत काय? जन्माला यायची तसदी घेतलीत, बस्स. आणि छपाईच्या स्वातंत्र्याबद्दल: सत्ता, धर्म, राजकारण, नीती, अधिकारी, ऑपेरा, यांतल्या कशावरही आणि कुणावरही लिहिलं नाही तर मला काहीही छापायची मुभा आहे, फक्त दोन-तीन सेन्सॉरांच्या नजरेखालून. मूळ नाटक एक-एक करून सहा सेन्सॉरांकडून गेलं. १७८३च्या जूनमध्ये प्रेक्षक जमत असताना राजाचा मनाईहुकूम आला. बोमार्शेने घरोघरी वाचनं सुरू ठेवली. ज्यांची खिल्ली उडवलीय त्याच सरदारमंडळींना नाटक बघायची घाई झाली होती. अखेर २७ एप्रिल १७८४ला प्रयोग झाला. लोक सकाळपासून दारं अडवून, चेंगराचेंगरी करत उभे. पुढच्या मार्चमध्ये वर्तमानपत्रातल्या एका पत्रातल्या शब्दांवरून राजा भडकला, आणि पत्ते खेळता खेळता एका पानावरच त्याने अटकेचा हुकूम लिहिला. रवानगी सँ-लझारला, म्हणजे वाह्यात पोरांना सुधारायच्या तुरुंगात. वय त्रेपन्न. पाचएक दिवसांत सुटला. त्याच ऑगस्टमध्ये राणी मारी आंत्वानेतने आपल्या खासगी रंगमंचावर ‘सेव्हिलचा न्हावी’ केलं, स्वतः रोझीनची भूमिका घेऊन. प्रेक्षकांत लेखक बसलेला.

मध्येच याने अमेरिकन बंडखोरांना बंदुका पुरवल्या, हे मी एका वाक्यात उरकतोय याची मला कल्पना आहे. १७७६मध्ये फ्रेंच सरकारचे दहा लाख लिव्हर घेऊन, ‘रोद्रिग ओर्तालेझ आणि कंपनी’ असं नाटकातल्यासारखं स्पॅनिश नाव लावून त्याने जहाजं भरभरून माल धाडला. अमेरिकेने पैसे बुडवले. त्याच्या वारसांना आठ लाख फ्रँक मिळाले ते १८३५मध्ये.

क्रांती झाली तेव्हा तो बास्तीयच्या समोरच बांधलेल्या आपल्या आलिशान घरात होता. राजा म्हणाला होता ते घडलं, खिडकीतून दिसेल एवढ्या अंतरावर. पण लोकांच्या नजरेत आता हा फिगारो उरला नव्हता, काउंट झाला होता. १७९२च्या ऑगस्टमध्ये जमाव घरात शिरून बंदुका शोधून गेला. मग अटक, आणि सप्टेंबरमध्ये तुरुंगांतल्या कैद्यांची कत्तल झाली तिच्या जेमतेम दोन-तीन दिवस आधी सुटका. मग हाम्बुर्गमध्ये परागंदा, इकडे बायको-मुलगी तुरुंगात. १७९६मध्ये परतला, कानांनी जवळजवळ बहिरा. १८ मे १७९९ला रात्री झोपेत गेला.

काकांचं दुकान मोबाइल आल्यावर बंद झालं. ते गेल्यावर आवराआवरीत एक बिस्किटांचा डबा माझ्याकडे आला, आत लोकांनी परत न नेलेली सात घड्याळं. एकाला चिठ्ठी अजून बांधलेली आहे. काकांच्या अक्षरात आडनाव, आणि खाली ‘ऑइलिंग, बाकी ४ रु.’. परवा मी त्याला चावी दिली. अकरा मिनिटं चाललं आणि थांबलं. मनगट जरा हलवलं की परत चालतं.